उपरी कोण?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध वडील कागदांची पिशवी घेऊन भर दुपारी आमच्या घरी आले. त्यांच्या नातीने वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली होती. पुण्यास तिची आत्या राहते, तेव्हा तिकडे प्रवेश मिळाला तर बरे, असा घरच्यांचा विचार होता. चौकशी करता कळले की, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागेसाठी तिकडचा अधिवासाचा दाखला लागतो, आणि सामान्यतः दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच दिलेल्या असाव्या लागतात. मुलगी तर जन्मली ग्वाल्हेरात आणि शिकलीही ग्वाल्हेरातच. काका फार संतापले होते. "चार पिढ्या घरात मराठी बोलतो, पवित्र शास्त्र मराठीत वाचतो, मयताला गीतं मराठीत म्हणतो, आणि महाराष्ट्र म्हणतो, तुम्ही बाहेरचे!"

आम्ही त्यांना पाणी दिले व समजूत घातली. मुलीजवळ मध्य प्रदेशाचा मूल निवासी दाखला आहे, इथल्या जागांवर तिचा हक्क आहे, गजरा राजा मेडिकल कॉलेज तर १९४६ पासून आपल्या गावात उभे आहे, मग पुण्याचे दुःख कशाला? काका म्हणाले, "दुःख जागेचं नाही हो. बाहेरचे म्हणाले, त्याचं आहे."

मुलीला पुढे याच राज्यात प्रवेश मिळाला आणि तो विषय तिथे संपला. परंतु काकांचा तो शब्द आमच्या मनातून गेला नाही. त्याचे कारण आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट आहे. ती पुढे येईलच.

बाहेरच्या माणसाला आपल्या जुन्या गावगाड्यात एक शब्द होता : उपरी. ज्याची जमीन वंशपरंपरेची आणि ज्याचा हक्क गावाला मान्य, तो मिरासदार. जो दुसऱ्या गावाहून येऊन कराराने जमीन कसतो, तो उपरी. उपऱ्याने बैल आणले, बांध घातला, घाम गाळला, तरी गावच्या मानपानात व हक्कांत त्याला मिरासदाराची जागा नसे. मात्र ही भिंत अगदी अभेद्य नव्हती. उपऱ्यालाही मिरासपत्र करून देण्याची रीत होती, आणि ते मिळाले की तो त्या गावचा होई. आमच्या समजुतीने त्या व्यवस्थेतील हा भाग विचार करण्याजोगा आहे. गावाने 'आपला' आणि 'परका' असा भेद केला खरा, पण परक्याला आपला होण्याची वाटही ठेवली.

आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी तर हा शब्द जपून वापरावा. शिंद्यांचे घराणे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथल्या किल्ल्याच्या दक्षिणेस फौजेचा तळ दिला, त्या तळाचेच शहर झाले आणि शहराचे नावही लष्कर पडले. आज त्याच लष्करात महाराजबाड्यापाशी उभे राहून आपण कोणाला 'तू कुठला' असे विचारतो, तेव्हा आपले पूर्वज तंबू ठोकून राहिलेले लोक होते, याचा आपल्याला विसर पडतो. त्यांच्याजवळ कोणत्या तहसिलीचा दाखला होता? आमचे आजोबा त्या फौजेबरोबर नव्हे, तर पुष्कळ पुढे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीने इकडे आले. त्यांना कोणी अडविले नाही. त्यांची मुले इथल्या शाळेत इतरांइतकीच फी भरून शिकली.

शिक्षणाच्या दारात आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न आमच्याच प्रांतातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे अलीकडे वाचनात आले तेव्हा आम्हांस नवल वाटले. १९४८ साली ग्वाल्हेर, इंदूर व आसपासची संस्थाने मिळून मध्यभारत हे राज्य झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख होते, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरास व उन्हाळ्यात इंदुरास असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले. या राज्याच्या इंदूर येथील महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात जुलै १९५२ मध्ये डी. पी. जोशी नावाचा दिल्लीचा एक विद्यार्थी दाखल झाला. कॉलेजाचा नियम असा होता की, मध्यभारताच्या खऱ्या रहिवाशास कॅपिटेशन फी नाही, परंतु बाहेरच्यास नेहमीच्या फीवर दरसाल १,५०० रुपये कॅपिटेशन फी. त्या काळी पंधराशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. दोन वर्षांचे तीन हजार रुपये भरून झाल्यावर जोशींनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, हा भेदभाव आहे, माझे पैसे परत करवावे आणि पुढची फी थांबवावी.

२७ जानेवारी १९५५ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. चौघांचे मत जोशींच्या विरुद्ध पडले, न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी जे लिहिले त्याचा मथितार्थ असा. राज्यघटनेचे पंधरावे कलम जन्मस्थानावरून भेद करू नये असे सांगते. पण माणूस कुठे जन्मला ही एक गोष्ट व तो कुठे राहतो ही दुसरी, आणि या नियमाने भेद केला तो राहण्यावरून. शिवाय राज्य आपल्या तिजोरीतून कॉलेज चालविते, तेव्हा त्याचा लाभ राज्यातील लोकांस व्हावा आणि शिकलेले डॉक्टर राज्यातच राहून लोकांच्या उपयोगी पडावेत, असे राज्याने इच्छिणे गैर नाही.

हा युक्तिवाद आम्हांस हलका वाटत नाही. ज्या खेड्यांत डॉक्टर पोहोचत नाही, तेथील शेतकऱ्याच्या कराचा पैसा दूरदेशच्या मुलाच्या शिक्षणावर का जावा, हा प्रश्न रास्त आहे. घर चालविणाऱ्या बाईला जसा पीठ मोजून घ्यावे लागते, तसे राज्यालाही मोजावे लागते. मोजणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो मापाचा.

आणि त्या नियमातील माप पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. 'खरा रहिवासी' कोण, हे सांगताना त्यांत अनेक प्रकार केले होते. पहिला, ज्याचा मूळचा अधिवास मध्यभारतातला आणि ज्याने दुसरीकडे अधिवास केलेला नाही असा नागरिक. येथे प्रत्यक्ष राहण्याची अटच नाही. मुलगा लहानपणापासून मुंबईच्या वसतिगृहात वाढला असला तरी चालेल. दुसरा, मूळचा बाहेरचा, पण मध्यभारतात अधिवास करून अर्जापूर्वी निदान पाच वर्षे राहिलेला. तिसरा, ३० सप्टेंबर १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेला आणि मध्यभारतात कायम राहण्याचा मानस असलेला माणूस. आणखी एक प्रकार शेजारच्या प्रदेशांतील लोकांविषयी होता, तो आपण सोडून देऊ.

म्हणजे एकाच नियमात तीन निरनिराळी मापे. एकाला विचारले, तुझे मूळ कोठले? दुसऱ्याला, किती वर्षे राहिलास? आणि तिसऱ्याला, येथे राहण्याचे तुझ्या मनात आहे ना? या तिसऱ्या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. फाळणीच्या आगीतून जे उठून आले, त्यांच्याकडे पाच वर्षे कोठून असणार? ज्याचे घर जळाले त्याच्याजवळ जन्माचा दाखला कसा मागावा? सरकारी कारकुनाने लिहिलेल्या त्या कोरड्या कलमात, कोणाच्या तरी मनात आलेली ही दया उतरली आहे. ग्वाल्हेरात आलेल्या सिंधी कुटुंबांच्या तिसऱ्या पिढीकडे पाहिले, तर ही दया फुकट गेली असे कोणीही म्हणणार नाही.

पुढे न्यायालयाचा विचारही बदलत गेला. १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी, भारताच्या नागरिकाचा अधिवास एकच, तो भारताचा, राज्याराज्यांचा निराळा अधिवास नव्हे, असे ठासून सांगितले. तरीही एम.बी.बी.एस. साठी रहिवाशांना काही जागा राखण्यास त्यांनी मर्यादा घालून मुभा ठेवली. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांनी पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी रहिवासाचे आरक्षण चालणार नाही असे ठरविले. काकांच्या नातीला एम.डी. च्या वेळी याचा उपयोग होईल. असो.

आतापर्यंत ज्यांच्याविषयी लिहिले ते जोशी काय, काकांची नात काय, दोघेही नागरिक. एका दारात परके ठरले तरी दुसऱ्या दारात आपले. पण ज्याला कोणतेच दार आपले नाही, त्याचे काय? ज्याचे आईबाप सीमा ओलांडून आले, किंवा आले की नाही हेही सांगता येत नाही असे कागदावाचून राहिले, आणि ज्याला स्वतःला दुसरे गाव आठवतही नाही, अशा मुलाचे काय?

आपली राज्यघटना या बाबतीत शब्द फार तोलून वापरते. पंधराव्या व एकोणिसाव्या कलमात 'नागरिक' आहे. चौदाव्या व एकविसाव्या कलमात मात्र 'व्यक्ती' आहे. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे संरक्षण ही नागरिक नसलेल्याचीही आहेत. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने जे २१-क कलम आले, त्यात सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांच्या शिक्षणाची गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, आणि जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून अडवून ठेवू नये, असे सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या निर्वासितांच्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हाही न्यायालयाने, मुलांनी आधी सरकारी शाळेकडे जावे व नकार मिळाल्यास उच्च न्यायालयाकडे यावे, अशी वाट दाखविली.

पण ही वाट चौदाव्या वर्षापर्यंतची. त्यानंतर कॉलेज येते, आणि कॉलेजाच्या खिडकीपाशी मूल निवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. ज्या मुलाला आपण पाटी दिली, बाराखडी शिकविली, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे उभे केले, त्याला एके दिवशी खिडकीतून विचारतो, तू कोण?

अमेरिकेत हाच वाद आज न्यायालयांत चालला आहे. तिथे आपल्या मराठी लोकांची पुष्कळ घरे असल्यामुळे वाचकांपैकी काहींच्या ते कानावर असेल. तिथली सरकारी विद्यापीठे राज्यातील रहिवाशांकडून कमी फी घेतात व बाहेरच्यांकडून कितीतरी अधिक, म्हणजे इंदूरचाच नियम. टेक्सस राज्याने १९७५ साली कायदा केला की, परवान्यावाचून देशात आलेल्या मुलांसाठी शाळांना पैसे मिळणार नाहीत. टायलर नावाच्या गावच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला हजार डॉलर मागितले. मजुरांची मुले ती, हजार डॉलर कोठून आणणार? खटला वर गेला आणि १५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांनी जे केले त्याची शिक्षा, ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्या लेकरांना देणे न्यायाला धरून नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

तो निकाल शाळेपुरता होता. कॉलेजाचा प्रश्न राहिलाच. १९९६ साली तिथल्या मध्यवर्ती सरकारने कायदा केला की, बेकायदा राहणाऱ्यास केवळ रहिवासी म्हणून उच्च शिक्षणात अशी सवलत देऊ नये, जोवर तीच सवलत कोणत्याही राज्यातील नागरिकाला मिळत नाही. तरीसुद्धा २००१ साली त्याच टेक्ससने, सर्व राज्यांच्या आधी, उलट दिशेने पाऊल टाकले. राज्यात तीन वर्षे राहून तिथल्याच हायस्कुलातून उत्तीर्ण झालेला मुलगा, शक्य होताच कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन असे प्रतिज्ञापत्र देईल, तर त्याने स्थानिक फी भरावी. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी असा कायदा केला. त्याविरुद्धचा खटला २०१० मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. सवलत रहिवासावरून नसून तिथल्या शाळेत घालविलेल्या वर्षांवरून आहे, असे त्यांनी म्हटले. वाचकांच्या ध्यानात येईल की, किती वर्षे राहिलास आणि राहण्याचे मनात आहे ना, हे मध्यभारताचेच दोन प्रश्न टेक्ससने विचारले होते. मूळ कोठले, हा प्रश्न तेवढा गाळला.

चोवीस वर्षे हे चालले. ४ जून २०२५ रोजी मध्यवर्ती सरकारने टेक्ससवर दावा लावला, राज्याने त्याच दिवशी तो मान्य केला, आणि न्यायाधीशाने त्याच दिवशी कायद्याची अंमलबजावणी थांबविली. ज्यांची फी ठरत होती त्या मुलांची बाजू कोणी मांडण्याआधीच सूर्य मावळला. त्यानंतर आणखी काही राज्यांवरही असे दावे झाले आहेत. दाव्याचा निकाल काय लागावा, हे कायदेपंडितांनी पाहावे. १९९६ चा कायदा तसा स्पष्टच आहे, असे म्हणणारेही प्रामाणिक लोक आहेत. पण वादी एक बोलतो, प्रतिवादी लगेच होय म्हणतो, आणि ज्याचे घर जाते तो दाराबाहेर उभा असतो, याला निवाडा म्हणणे आम्हांस जड जाते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते कठोर हृदयाच्याच लोकांचे आहे असे नव्हे. ते म्हणतात, जे रांगेत उभे राहून, परवाने काढून, वर्षानुवर्षे थांबून आले, त्यांच्यापेक्षा रांग मोडून आलेल्याला अधिक का मिळावे? यात तथ्य आहे, आणि ते आपल्याच घरांत दिसते. आईबापांबरोबर रीतसर व्हिसावर गेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की, आईबापांच्या व्हिसाची त्याच्यावरील सावली निघून जाते. वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेलेल्या मुलाला मग दुसरा परवाना शोधावा लागतो, नाही तर ज्या देशाची त्याला आठवण नाही त्या 'स्वदेशी' परतावे लागते. सर्व कागद असून ही स्थिती. त्या घरांना बिनकागदी मुलाच्या सवलतीचा राग आला तर त्यात आश्चर्य नाही. पण त्या दोन मुलांना समोरासमोर बसविले, तर त्यांचे दुःख एकच आहे. जिथे वाढलो ते आपले, असे दोघांना वाटते, आणि दोघांनाही कागद म्हणतो, नाही. एकाला मिळालेला न्याय हा दुसऱ्यावरचा अन्याय आहे, असे मानण्यापेक्षा दोघांनाही एकाच मापाने मोजावे, हे अधिक सरळ नव्हे काय?

याहून अवघड आक्षेप आहे तो असा. आठ वर्षांचे लेकरू निर्दोष, हे मान्य. पण कॉलेजात जाणारा मुलगा अठरा वर्षांचा आहे. आता तो स्वतःच्या इच्छेने राहतो. बापाच्या अपराधाची ढाल त्याने किती दिवस वापरावी? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात बापाने आंबट द्राक्षे खाल्ल्याने मुलाचे दात आंबत नाहीत, ही जी शिकवण आहे तिच्यावर आम्ही कितीतरी वेळा उपदेश केला आहे. पण त्याच अध्यायात प्रत्येकजण आपल्या वागणुकीचा जाब देईल, हेही आहे. आम्ही या आक्षेपावर पुष्कळ विचार केला. आम्हांस सुचलेले उत्तर एवढेच की, राहणे हा गुन्हा ठरविताना, त्याने जावे तरी कोठे, हेही ठरविणाऱ्याने सांगितले पाहिजे. ज्या गावाची भाषा त्याला येत नाही, जिथे त्याला ओळखणारे कोणी नाही, ते केवळ कागदावरून त्याचे गाव होत नाही. अठराव्या वर्षी माणूस इच्छेने घर सोडू शकतो हे खरे, पण ज्या घरात तो माणूस झाला ते त्याचे नव्हतेच, असे त्याला सांगता येत नाही. आणि राज्याच्या तिजोरीचाच हिशेब करावयाचा, तर बारा वर्षांचा शालेय खर्च झालेलाच आहे. शेवटच्या तीन वर्षांसाठी त्याला हाकलणे म्हणजे खत-पाणी घालून वाढविलेले झाड फळाच्या तोंडावर तोडणे होय.

इतके लिहिल्यावर, टेक्ससच्या व इंदूरच्या लोकांना न्याय शिकविणारे आम्ही कोण, ते सांगितले पाहिजे.

ग्वाल्हेरातील आमची मराठी ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत. त्यांचा एक लहानसा शिक्षणनिधी आहे. एका विधवा शिक्षिकेने आपल्या पेन्शनीतून साठविलेले पैसे मंडळीच्या मुलांसाठी ठेवले, त्यात इतरांनी भर घातली. व्याज येते ते दरवर्षी दोन-तीन मुलांच्या फीला पुरते. नियम पूर्वीपासून असा की, अर्जदाराचे कुटुंब निदान पाच वर्षे मंडळीचे नोंदलेले सभासद असावे. मध्यभारताची पाच वर्षे आणि आमची पाच वर्षे हा केवळ योगायोग असेल.

काकांच्या नातीचा विषय झाल्यानंतर तीन आठवड्यांनी कमिटी बसली. एक अर्ज होता अठरा वर्षांच्या मुलाचा. त्याची आई रुग्णांची शुश्रूषा करून पोट भरते. तो सात वर्षांचा असताना ती त्याला घेऊन ग्वाल्हेरास आली. कोठून, ते तिने कधी एक सांगितले, कधी दुसरे. कोणी म्हणत झारखंडची, कोणी कुजबुजत की सीमेपलीकडची. कागद कसलाच नाही. मुलगा अकरा वर्षे आमच्या उपासनेत मागच्या बाकावर बसला. संडेस्कुलात शिकला, ऐकून ऐकून मराठी गीते पाठ केली, नाताळात खुर्च्या लावल्या. बारावी झाला. पुढच्या शिक्षणाच्या पहिल्या हप्त्यासाठी त्याने बारा हजार रुपये मागितले होते.

सभासदांच्या रजिस्टरात नाव नव्हते. काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण नियम तो नियम. हा पैसा आपल्या मुलांसाठी आहे." दुसरे म्हणाले, "उद्या अशी दहा येतील." तिसरे काही बोलले नाहीत. चिटणीस म्हणून इतिवृत्त लिहिण्याचे काम आमचे. 'अर्जदार नियमात बसत नसल्याने अर्ज अमान्य,' असे आम्ही लिहिले व सही केली. कोणी आम्हांस तसे लिहिण्याची सक्ती केली नव्हती.

आता खरी गोष्ट. नाव रजिस्टरात का नव्हते? त्या बाईने दोनदा आम्हांसच विचारले होते, "साहेब, आमचं नाव लिहाल का?" आणि दोन्ही वेळा आम्ही सांगितले होते, "पूर्वीच्या मंडळीचं पत्र आणा, मग लिहू." पत्र आणण्याजोगी मंडळी मागे उरली आहे की नाही, हे आम्ही विचारले नाही. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना लेवीय पुस्तकातील परदेशीयाविषयीच्या आज्ञेवर आम्ही प्रबंध लिहिला होता, आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. म्हणजे कागद नाही म्हणून आम्ही नाव घातले नाही, आणि नाव नाही म्हणून फी दिली नाही. दोन्ही वेळा लेखणी एकाच हातात होती.

आम्ही उपासनेत बाहेरच्याला आत घेतो आणि हिशेबाच्या वहीत बाहेर ठेवतो, हे त्या मुलाला आमच्याआधी कळले असावे. तो त्यानंतर दोन रविवार आला, मग आला नाही. हल्ली एका टाइल्सच्या दुकानात माल उतरवितो. रस्त्यात भेटला तर "जय ख्रिस्त, अंकल" म्हणतो. त्याच्या आवाजात राग नसतो, आणि तेच आम्हांस सोसत नाही.

पुढच्या महिन्यात कमिटी पुन्हा बसणार आहे. आम्ही एक सूचना लिहून ठेवली आहे : 'नोंदलेले सभासद' याऐवजी 'पाच वर्षे मंडळीत राहिलेले' असे शब्द घालावेत, आणि कोणी संकटातून आलेला असल्यास त्याला वर्षांची अट लावू नये. सूचना आधी काकांना वाचून दाखविली. त्यांनी चष्मा काढून पुसला व बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "वर्षाला दोन-तीनच फिया निघतात. तो मुलगा घेतला, तर आपल्यातलं कोणतं मूल राहील, ते तुम्ही सांगणार का त्याच्या आईला?"

हा प्रश्न खोटा नाही. आम्ही त्यांना म्हणालो की, सांगू, ते काम आमच्याकडे द्या. काका उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "त्या मुलाला आधी विचारलंत का, त्याला अजून शिकायचं आहे का?"

विचारलेले नव्हते. उद्या शनिवार आहे. टाइल्सचे दुकान रात्री आठला बंद होते.